पीसीला पाणी पाजलं!

मे महिन्यातली दुपार. स्थळ : सौंदड, जिल्हा गोंदिया. जवळून नागपूर-रायपूर हायवे जातो, पण त्या ट्रकपेक्षा जास्त आवाज माझ्या पीसीचा फॅन करत होता! पुण्याच्या ऑफिसने महिनाभर घरून काम करायला परवानगी दिली, म्हणून पीसी उचलून गावी आणलेला. संध्याकाळी सहाला व्हिडिओ पाठवायचा होता. आणि रेंडर अर्ध्यावर असताना मशीन धाडकन बंद. एकदा नाही, तिसऱ्यांदा!

बंद पडायच्या आधी प्रोसेसरचं टेम्परेचर होतं ९८ डिग्री. आजकालचे बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास आधी स्वतःचा स्पीड कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर सरळ मान टाकतात. डेडलाइन हुकली. बॉस फोनवर काय बोलला ते जाऊ द्या!

त्याच रात्री ठरवलं, बस्स... वॉटर कूलिंग!

बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "काहून रे, आता कॉम्प्युटरलेही पाणी लागते का? त्यापेक्षा खोलीत एक कूलर लाव ना." मी मनात म्हटलं, बाबांना काय कळतंय! (हे वाक्य लक्षात ठेवा.)

फंडा काय?

एक डिग्री तापताना एक लिटर पाणी जेवढी उष्णता पोटात घेतं, ती एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते. म्हणून प्रोसेसरवर एक तांब्याची पट्टी बसवायची, छोट्या पंपाने तिच्यातून पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं. तिथे पंखे ती उष्णता बाहेर फेकतात. थोडक्यात, तुमच्या बाइकचा किंवा कारचा रेडिएटर, लहान साइजमध्ये.

आयडिया नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठे कॉम्प्युटर पाण्याने थंड केले होते. अॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५च्या सगळ्यात फास्ट मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं. आणि पुण्यात आयसरमधला 'परम ब्रह्म' सुपरकॉम्प्युटरही लिक्विड कूलिंगवरच चालतो.

घरच्यासाठी सोपा पर्याय म्हणजे 'ऑल-इन-वन' किट. पाणी आधीच भरलेलं, पाइप सीलबंद. सुटे पाइप कापून स्वतः जोडायचे लाड पहिल्यांदाच करू नका.

घ्या स्क्रूड्रायव्हर हातात

आधी कॅबिनेट मोजा. माझा रेडिएटर २४० मिलिमीटरचा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा. प्लग काढा. जुना कूलर काढून वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे. स्क्रू एकाच कोपऱ्यात गच्च आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे फिरवा. रेडिएटर शक्यतो कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवा. पाण्यातला हवेचा बुडबुडा नेहमी वर चढतो. तो पंपात अडकला तर पंप कुरकुरतो आणि लवकर खराब होतो.

सगळं मस्त बसवलं. सुरू केलं... आणि दोन मिनिटांत टेम्परेचर ९०च्या वर! घामच फुटला. किटचे पैसे पाण्यात? परत उघडलं तर तांब्याच्या पट्टीवरचं पारदर्शक प्लास्टिक तसंच! ते सोलायचंच राहिलं होतं. हसू नका, तुमचंही होईल.

आणि माझा माज उतरला

प्लास्टिक काढल्यावर फरक पडला. मशीन बंद पडेना. पण दुपारी दोनला आकडा परत ९०च्या जवळ. असं का?

कारण पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेतं. शेवटी ती खोलीतल्या हवेलाच द्यायची असते. माझ्या खोलीत दुपारी ४२ डिग्री! म्हणजे रेडिएटरमधलं पाणी ४२च्या खाली जाणं शक्यच नाही. पुण्यातल्या २८ डिग्रीच्या फ्लॅटमध्ये तेच किट चौदा पायऱ्या खालून सुरुवात करतं.

घरच्या कूलरचं तसं नाही. त्याच्या ताट्यांवरून पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणून विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात कूलर जादू करतो आणि पावसाळ्यात, हवा आधीच दमट असताना, नुसता वारा देतो.

गपचूप अडगळीतला कूलर काढला, खिडकीत बसवला. तोंड पीसीकडे नाही, बाजूला. पाण्याचे तुषार बोर्डवर उडाले तर खेळ खल्लास! खोली दहा डिग्रीने उतरली आणि तितकाच प्रोसेसरही.

तेव्हा दोस्तांनो, किट घ्यायच्या आधी खोलीचं टेम्परेचर बघा. कॅबिनेटमधली धूळ साफ करा, पेस्ट बदला, हवा खेळती ठेवा. नुसतं ईमेल आणि एक्सेल चालवत असाल तर एवढ्यातच काम होईल. तासन् तास रेंडर किंवा गेमिंग असेल तरच पाण्याला हात घाला.

पुढची फाइल साडेपाचलाच गेली. बाबा दारात उभे. "झालं का रे?"

"झालं, बाबा."

"कायच्यानं? पाण्यानं का कूलरनं?"

काही बोललो नाही. पण कूलरमध्ये रोज पाणी भरायची ड्यूटी आता माझी आहे!