नारायणगांवचें द्राक्षमद्यगृह : बागाइतदारांनीं घ्यावयाचा बोध

द्राक्षांपासून मद्य करण्याचा धंदा एकाच घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालल्याचीं उदाहरणें युरोपांत पुष्कळ आहेत. इटलींतील फ्लॉरेन्सच्या अँटिनोरी घराण्याचा मूळ पुरुष १३८५ सालीं तेथील मद्यव्यापाऱ्यांच्या संघांत दाखल झाला. २६ पिढ्या झाल्या तरी तें घराणें त्याच धंद्यांत आहे. आपल्या महाराष्ट्रांत असा घराणेदार धंदा उभारण्याचा पहिला मोठा प्रयत्न श्री. शामराव चौगुले यांनीं केला. त्याची हकीकत शेतकऱ्यांस उपयोगी पडेल म्हणून थोडक्यांत देत आहों.

१९८० नंतरच्या दशकांत चौगुले यांनीं पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें ‘इंडेज’ हें मद्यगृह काढिलें. फ्रान्समधील पायपर-हाइडसीक या जुन्या पेढीचें तांत्रिक साह्य मिळविलें व फ्रेंच जातींच्या वेली लाविल्या. बाटलींतच दुसऱ्यांदां आंबवून फेसाळ केलेलें येथील मद्य ‘उमर खय्याम’ या नांवानें परदेशीं जाऊं लागलें. पुढें २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. तेव्हां नाशिककडेहि अनेक मद्यगृहें निघालीं व शेतकऱ्यांनीं करारानें बागा लाविल्या.

इंडेजनें मात्र इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील धंदे विकत घेऊन आपला पसारा वाढविला. इतक्यांत २००८ ची जागतिक मंदी आली. मागणी घटली, कर्ज फिटेना. अखेर २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कंपनी गुंडाळण्याचा हुकूम दिला. एका घराण्याचा उद्योग असा दुसऱ्या पिढींतच थांबला.

यांत बागाइतदाराची अडचण कोणती, तें नीट पाहावें. मद्याच्या जातीचें द्राक्ष लहान, जाड सालीचें व बियांचें असतें. खाण्याच्या बाजारांत त्यास गिऱ्हाईक नाहीं. खाण्याचें द्राक्ष व्यापाऱ्यानें नाकारलें तर त्याचा बेदाणा तरी होतो. मद्याच्या द्राक्षास मद्यगृहावांचून दुसरें दार नाहीं. मंदीच्या त्या वर्षांत नाशिक भागांत कित्येकांस उभ्या वेली उपटाव्या लागल्या.

आमच्या शिंदखेडा तालुक्यांत तापी-पांझरेच्या कांठीं द्राक्षमळे फारसे नाहींत; परंतु एकाच खरेदीदाराच्या भरंवशावर लाविलेल्या कोणत्याहि पिकास हाच न्याय लागू पडतो. म्हणून करार लेखी करावा. त्यांत भाव, वजन करण्याची जागा व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी. सगळी जमीन एकाच पिकाखालीं घालूं नये. बागेसाठीं कर्ज काढतांना सर्व गट तारण न देतां कांहीं जमीन मोकळी ठेवावी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एकदां चढलेला बोजा, खरेदीदार बुडाला म्हणून कमी होत नाहीं. तो शेतकऱ्याच्याच नांवें राहतो.