पत्ता बदलला की आयुष्यही बदलतं?

मी बोलतोय चेन्नईजवळच्या सिरुसेरीहून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का पेरुंबाक्कमहून बसने येतात. मागच्या वर्षी त्यांचा खोकला तीन आठवडे हटेना. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी म्हणालो, "अक्का, तब्येतीकडे लक्ष द्या, नीट खात जा." त्या म्हणाल्या, "दवाखान्यात गेले की दिवस जातो. तीन घरची कामं बुडतात."

मी सवयींबद्दल बोलत होतो, त्या पत्त्याबद्दल.

सिरुसेरीच्या आयटी पार्कमधून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने शहराकडे निघा. काचेच्या इमारतींच्या आसपासच पुनर्वसन वसाहती आहेत. कण्णगी नगर २००० च्या सुमाराचं, सेम्मनचेरी २००४ च्या त्सुनामीनंतरचं. २०१५ च्या पुरानंतर नदीकाठची अनेक कुटुंबं पेरुंबाक्कमच्या आठ मजली इमारतींत आली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण जुनं काम, मुलांची शाळा, ओळखीचा डॉक्टर हे सगळं वीसेक किलोमीटर मागे राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, गरिबी आली की आजार आलाच, त्यात पत्त्याचा काय संबंध? याचं उत्तर आपल्या मुंबईत सापडतं. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला होता. याच भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दर दहा घरांमागे साधारण एका घरात क्षयाचा रुग्ण होता. पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एकाच्या आसपास.

तिन्हीकडे पुनर्वसन झालेलीच कुटुंबं. मग फरक कशाचा? पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि आजारही तिथेच जास्त. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना बाहेर नेते, ऊन त्यांना मारतं.

म्हणजे दोन इमारतींमधलं अंतर ही नुसती बांधकामाची बाब नाही, ती आरोग्याचीही आहे. पुनर्वसनाच्या नावाखाली मोकळ्या जागेचा नियम सैल केला, की जमीन वाचते. त्याची किंमत तळमजल्यावरचं कुटुंब छातीने मोजतं.

अक्कांना आम्ही पगारी सुट्टी दिली. थुंकीची तपासणी झाली, क्षयच निघाला. सरकारी औषध फुकट मिळालं. सहा महिने नेमाने घेतलं, आज त्या ठणठणीत आहेत. पण ते तीन आठवडे मी नुसते सल्ले देत होतो, याची रुखरुख आहे.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर आधी सुट्टी द्या. पगार न कापता. सल्ला नंतर.

भेटूया पुढच्या भागात.