उतारावरची चौपट ओढ

सेगाचा 'सॉनिक द हेजहॉग २' हा व्हिडिओ गेम आला नोव्हेंबर १९९२मध्ये. इतक्या वर्षांनी तो पुन्हा खेळायला घेतला, तर पहिल्याच एमराल्ड हिल झोनमध्ये पाय अडकला. उतार लागला की सॉनिक वेग घेतो, चढावर मंदावतो आणि जमीन जिथे संपते तिथून नेमक्या त्याच कोनात हवेत झेपावतो. हे सगळं बोटांना इतकं खरं वाटतं, की आत नक्की काय चाललंय ते पाहिल्याशिवाय राहवेना. हौशी मंडळींनी या गेमचा कोड ओळीओळीने उलगडून ठेवलाय, त्यामुळे ते पाहता येतं.

हा गेम ज्यावर चालायचा त्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलमध्ये सुमारे साडेसात मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि ६४ किलोबाइट मुख्य मेमरी. अपूर्णांकांचं गणित त्या प्रोसेसरला थेट येत नाही. मग एका पिक्सेलचे २५६ भाग केले आणि सगळा हिशोब पूर्णांकांत बसवला. वर्तुळाचेही अंश ३६० नाहीत, २५६ आहेत. काटकोन म्हणजे ६४! कारण ० ते २५५ हे आकडे एका बाइटमध्ये चपखल मावतात.

जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आपला कोन ठाऊक असतो. सॉनिकच्या पायाखाली दोन अदृश्य बिंदू ती जमीन सतत चाचपतात. जमिनीवर असताना त्याचा वेग ही एकच संख्या असते. सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर फ्रेमला, साइन-कोसाइनच्या तक्त्यावरून तिची आडवी आणि उभी फोड होते. कोन नेहमीच्या ४५ अंशांच्या पलीकडे गेला की चाचपणारे बिंदूही सॉनिकबरोबर वळतात, म्हणजे भिंत हीच आता त्याची जमीन. भिंतीवर किंवा छतावर वेग फ्रेममागे अडीच पिक्सेलच्या खाली आला की पकड सुटते. गोल लूपमधून तो उलटा होऊन जातो, ते एवढ्या जोरावर. लूपच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू वेगळी ठेवायला या दुसऱ्या भागात टकरीचे दोन थर आले. वाटेतले अदृश्य स्विच सॉनिकला एका थरातून दुसऱ्यात नेतात.

आणि मग येतो तो भाग, जो वाचून मी थक्क झालो.

खऱ्या जगात कढईच्या काठावरून सोडलेली गोटी समोरच्या काठावर मूळ उंचीच्या वर कधीच चढत नाही. सॉनिक धावत असताना गेमही हा नियम बऱ्यापैकी पाळतो. पिक्सेलच्या त्या २५६व्या भागांत मोजली तर उताराची ओढ खाली जाताना ३२, वर जाताना ३२. पण त्याने अंगाचा चेंडू केला की आकडे बदलतात. खाली जाताना ८०, वर जाताना फक्त २०! शिवाय घर्षण निम्मं. म्हणजे दरीत गडगडत गेलेला सॉनिक पलीकडे जास्त उंच निघतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे उघडउघड मोडलाय आणि तो जाणूनबुजून मोडलाय. बदल्यात एक गोष्ट काढून घेतली: चेंडू झाल्यावर पुढे ढकलायची ताकद पायांत उरत नाही. वेग हवा असेल तर उतार शोधावा लागतो. प्रोग्रॅमर युजी नाका आणि डिझायनर हिरोकाझू यासुहारा यांच्या कामातली ही मला सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. भौतिकशास्त्र जसंच्या तसं उतरवण्यापेक्षा, वेगाचा आनंद कुठून येतो हे त्यांनी आधी ओळखलं.

'स्पिन डॅश' ही याच भागाची देणगी. खाली वाकून उडीचं बटन पुन्हा पुन्हा दाबलं की सॉनिक जागच्या जागी गरगरतो आणि फ्रेममागे ८ ते १२ पिक्सेल वेगाने सुटतो. सपाटीवर स्वतःच्या पायांनी तो जेमतेम ६ गाठतो. पहिल्या गेममध्ये उताराच्या तळाशी अडकलं की मागे जाऊन धाव घ्यावी लागे, तो खोळंबा संपला.

२०१३मध्ये ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी हा गेम मोबाइलसाठी नव्याने बांधला आणि २०२२च्या 'सॉनिक ओरिजिन्स' संग्रहातही तो आहे. मिळाला तर एमराल्ड हिलमध्ये एकच उतार दोनदा उतरा, एकदा धावत आणि एकदा खालचं बटन दाबून गडगडत. ८० आणि २०मधला फरक बोटांना लगेच कळेल.