बरोबर मधल्या पाचाचं काय करायचं?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून कास्टिंगची गाडी निघते तेव्हा मालाबरोबर बिल जातं आणि टेस्ट सर्टिफिकेटही जातं. आकडा बरोबर अर्ध्यावर अडकला तर तो कुठं सरकवायचा, याचे या दोन कागदांचे नियम वेगळे आहेत.

कराच्या रकमेचं सोपं आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. शाळेतही आपण हेच शिकलो. सर्टिफिकेटवरच्या आकड्यांना मात्र ‘आयएस २’ हे भारतीय मानक लागतं. मानकांच्या यादीत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आणि लगेच दुसरा आकडे राउंड ऑफ करण्याच्या नियमांचा, यावरून या विषयाचं वजन कळावं. १९४९ मध्ये निघालेलं हे मानक १९६० मध्ये सुधारलं गेलं. ते सांगतं: पुढं नेमका पाचच असेल, तर राखलेला शेवटचा अंक सम व्हायला हवा. म्हणून २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४.

हा खटाटोप कशासाठी? ०.५, १.५, २.५ असे ९.५ पर्यंतचे दहा आकडे घ्या. खरी बेरीज ५०. प्रत्येक अर्धा वर ढकलला तर ती ५५ होते. सम अंकाकडे नेला तर काही वर जातात, काही खाली, आणि बेरीज ५० च राहते. एका आकड्यात न दिसणारा कल हजारो मोजमापांच्या सरासरीत उघडा पडतो. शास्त्रज्ञ सम अंकाकडे वळले ते यामुळं. संगणकावरच्या अपूर्णांकांच्या गणितासाठी १९८५ मध्ये आलेल्या ‘आयईईई ७५४’ मानकानंही हाच नियम मूळ नियम म्हणून घेतला.

फाउंड्रीत याची झळ थेट बसते. समजा, फॉस्फरसची मर्यादा जास्तीत जास्त ०.०४ टक्के आहे आणि तपासणीत ०.०४५ आलं. आयएस २ नुसार ते ०.०४, म्हणजे माल पास. शाळेच्या नियमानं ०.०५, म्हणजे नापास.

त्याहून घातक सवय म्हणजे टप्प्याटप्प्यानं राउंड ऑफ करणं. एफजी २६० दर्जाच्या ग्रे आयर्नच्या टेस्ट बारची ताणशक्ती निदान २६० हवी. मोजमाप आलं २५९.४६. एकदम पूर्णांकात आणलं तर २५९, नापास. पण आधी कुणी वहीत २५९.५ लिहिलं आणि दुसऱ्यानं त्यावरून पूर्णांक काढला, तर २६०. नापास बार कुणाच्याही वाईट हेतूशिवाय पास झाला! म्हणूनच मूळ आकड्यावरून एकाच टप्प्यात राउंड ऑफ करा, असं मानक बजावतं. माझ्या मते सम-विषमाच्या नियमापेक्षाही ही सूचना प्रयोगशाळेच्या भिंतीवर आधी लागायला हवी.

आता बहुतेक हिशोब संगणकावर होतो, आणि तिथं आणखी एक गुंता आहे. संगणक आकडे दोनच्या घातांत साठवतो. २५९.५ त्याला तंतोतंत मांडता येतो, ०.०२५ येत नाही. तो साठवला जातो सुमारे ०.०२५००००००००००००००१४ असा, म्हणजे अर्ध्याच्या किंचित पुढं. त्यामुळं अर्ध्याला सम अंकाकडे नेणारी पायथॉन भाषाही ०.०२५ चे दोन दशांश स्थळांपर्यंत ०.०३ करते. आयएस २ प्रमाणे उत्तर ०.०२ आहे. एक्सेलचं नेहमीचं राउंड फंक्शन तर अर्ध्याला शून्यापासून दूरच नेतं, म्हणजे बिलाला शोभेल असंच वागतं. सर्टिफिकेटचे आकडे एक्सेलमध्ये तयार होत असतील, तर सम अंकाचं सूत्र तिथं वेगळं लिहावं लागतं, आणि ते लिहिलंय का हे कागदावरच्या आकड्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी मूळ फाइल उघडून ते सूत्रच तपासावं लागतं.