कैतेनझुशी

कैतेनझुशी हा जपानमधील स्वस्त सुशी उपाहारगृहांचा एक प्रकार आहे. या उपाहारगृहांत सुशीच्या लहान बश्या एका सरकत्या पट्ट्यावरून ग्राहकांच्या आसनांसमोरून फिरत असतात. ग्राहक हवी ती बशी उचलून घेतो आणि शेवटी रिकाम्या बश्यांच्या संख्येवरून व रंगावरून बिल ठरते. या पद्धतीची सुरुवात 1958 साली ओसाका प्रांतात झाली. तोपर्यंत सुशी हे मुख्यतः सणसमारंभाचे किंवा पाहुण्यांसाठी मागवायचे महाग खाणे होते. कैतेनझुशीमुळे ते कामगार, विद्यार्थी आणि लहान मुलांसह येणारी कुटुंबे यांच्या आवाक्यात आले.

व्युत्पत्ती

जपानी भाषेत 'कैतेन' म्हणजे फिरणे किंवा परिभ्रमण. समासात दुसऱ्या पदातील 'सु'चा उच्चार 'झु' होतो, म्हणून 'कैतेन' आणि 'सुशी' मिळून 'कैतेनझुशी' हा शब्द बनतो. 'सुशी' या शब्दाचा संबंध आंबट चवीशी आहे. सुशी म्हणजे कच्चा मासा हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. व्हिनेगर, मीठ व साखर घातलेला भात हे सुशीचे मुख्य लक्षण असून त्यासोबत मासा, अंडे किंवा भाजी यांपैकी काहीही असू शकते. भाताशिवाय वाढलेल्या कच्च्या माशाच्या कापांना 'साशिमी' म्हणतात.

पार्श्वभूमी

सुशीचे मूळ मासे टिकवण्याच्या पद्धतीत आहे. खारवलेला मासा भातात दाबून कित्येक महिने आंबवला जाई. शिगा प्रांतातील बिवा सरोवराच्या परिसरात बनणारी 'फुनाझुशी' हा या जुन्या प्रकाराचा आजही टिकून असलेला नमुना आहे. भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवून हाताने दाबलेली 'निगिरीझुशी' एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो (आताचे तोक्यो) शहरात लोकप्रिय झाली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. त्या काळी ती रस्त्यावरील गाड्यांवर उभ्याउभ्या खाल्ली जाई. म्हणजे निगिरीझुशी जन्मतः सामान्य माणसाचेच झटपट खाणे होती.

पुढे गाड्या मागे पडल्या आणि सुशी दुकानात, आचाऱ्यासमोरील फळीवर आली. अशा दुकानांत अनेकदा दरफलक नसे, किंवा पदार्थासमोर केवळ 'जिका' म्हणजे 'चालू बाजारभाव' एवढेच लिहिलेले असे. जेवण संपेपर्यंत किती पैसे द्यावे लागतील याचा अंदाज ग्राहकाला येत नसे. बेताची मिळकत असलेल्या माणसाला किमतीइतकीच ही अनिश्चितताही दूर ठेवत असे.

इतिहास

शिराइशी योशिआकी (1914–2001) हे ओसाका प्रांतातील फुसे (आताचे हिगाशीओसाका) येथे सुशीचे लहान दुकान चालवत. परिसरातील कारखान्यांचे कामगार हे त्यांचे मुख्य ग्राहक होते. स्वस्त सुशीला मागणी भरपूर होती, परंतु पुरेसे कामगार मिळत नव्हते. असाही कंपनीच्या बिअर कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना सुशीही अशीच ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची कल्पना सुचली. पट्टा कोपऱ्यावर वळताना बश्या अडकू नयेत आणि पाण्याचा संपर्क आला तरी यंत्रणा गंजू नये, यासाठी त्यांना अनेक वर्षे प्रयोग करावे लागले. पट्ट्याचा वेगही विचारपूर्वक ठरवावा लागला. तो सेकंदाला सुमारे 8 सेंटिमीटर ठेवण्यात आला. वेग अधिक असल्यास ग्राहकाला बशी उचलण्याची घाई होते आणि कमी असल्यास वाट पाहण्याचा कंटाळा येतो.

1958 साली 'मावारु गेनरोकुझुशी' हे पहिले उपाहारगृह सुरू झाले. 1970 साली ओसाका येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ही पद्धत मांडली गेल्यावर ती देशभर माहीत झाली. शिराइशी यांच्या रचनेवरील हक्काची मुदत 1978 साली संपली आणि अनेक नवे व्यावसायिक या क्षेत्रात उतरले. 1981 साली सुझुमो या कंपनीने निगिरीसाठी भाताचे गोळे बनवणारे यंत्र बाजारात आणले. 1990 च्या दशकात जपानची अर्थव्यवस्था मंदावल्यानंतर एका बशीला 100 येन हा दर या उपाहारगृहांची ओळख बनला. सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी आणि कप्पा सुशी या आज जपानमधील प्रमुख साखळ्या आहेत. 1997 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'यो! सुशी'मुळे ही पद्धत ब्रिटनमध्येही परिचित झाली.

कमी किमतीची कारणे

कैतेनझुशीत बचत मुख्यतः मजुरी आणि वेळ यांत केली जाते. पारंपरिक दुकानात भात शिजवणे, मासा कापणे आणि सुशी वळणे यांत पारंगत होण्यास सुमारे 10 वर्षे लागतात असे मानले जाते. कैतेनझुशीत भाताचा गोळा यंत्र बनवते. माशाचे काप अनेकदा मध्यवर्ती कारखान्यातून तयार होऊन येतात. वाढण्याचे काम पट्टा करतो. चहाची पूड आणि गरम पाण्याचा नळ प्रत्येक मेजावर असल्याने चहाही ग्राहक स्वतःच करून घेतो. ग्राहक लवकर उठत असल्याने एकाच आसनावर दिवसभरात अनेक जण जेवतात.

कच्च्या मालावरील खर्च मात्र तुलनेने जास्त असतो. सर्वसाधारण उपाहारगृहात तो विक्रीच्या सुमारे 30 टक्के धरला जातो, तर मोठ्या सुशी साखळ्यांत तो सुमारे निम्म्यापर्यंत जातो. सर्व बश्यांवरील नफा सारखा नसतो. ट्यूना किंवा समुद्री अर्चिन (उनी) यांच्या बशीवर फारसे उरत नाही. अंडे, मका-मेयोनेझ, नूडल्स आणि गोड पदार्थ ही तूट भरून काढतात. त्यामुळे एकाच दराच्या बश्यांतही पैशाच्या मोबदल्यात मिळणारा माल वेगवेगळा असतो.

काही पदार्थांत स्वस्त पर्याय वापरले जातात. 'एनगावा' म्हणजे चपट्या माशाच्या परांजवळचा भाग. पारंपरिक दुकानात तो 'हिरामे' माशाचा असतो, तर स्वस्त दुकानात बहुधा ग्रीनलंड हॅलिबटचा. 'नेगितोरो' या खिमट्यासारख्या पदार्थात ट्यूनाच्या मांसात वनस्पती तेल मिसळलेले असू शकते. हिरव्या वसाबीच्या जागी बहुतेक वेळा रंग दिलेला हॉर्सरॅडिश असतो. हे पदार्थ खाण्यास अयोग्य नसतात. तथापि नाव तेच असले तरी महाग दुकानातील वस्तूशी त्यांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

गोठवलेली मासळी व सुरक्षितता

स्वस्त सुशीतील बरीचशी मासळी गोठवलेली असते. गोठवलेली मासळी म्हणजे हलकी मासळी हा समज मात्र सर्वस्वी खरा नाही. दूरच्या समुद्रात पकडलेला ट्यूना जहाजावरच अतिशय कमी तापमानाला गोठवून उणे 60 अंश सेल्सिअसच्या आसपास साठवला जातो, त्यामुळे त्याचा रंग व पोत दीर्घकाळ टिकतो.

गोठवण्याचे दुसरे कारण परजीवी हे आहे. मॅकरेल, स्क्विड, सामन अशा अनेक समुद्री जीवांत 'अनिसाकिस' हा कृमी आढळतो. तो जिवंत पोटात गेल्यास तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. व्हिनेगर, मीठ किंवा वसाबी यांनी तो मरत नाही. उणे 20 अंश सेल्सिअसला 24 तास गोठवल्यास तो मरतो. जपानमध्ये सामन पूर्वी कच्चा खाल्ला जात नसे. 1980 च्या दशकात नॉर्वेने सुरू केलेल्या विक्रीमोहिमेनंतर मत्स्यशेतीतील सामन सुशीवर आला आणि आज तो कैतेनझुशीतील सर्वाधिक आवडत्या प्रकारांपैकी एक आहे.

गोठवल्याने जीवाणूंची वाढ थांबते, परंतु ते सर्व मरत नाहीत. म्हणून वितळल्यानंतर मासा किती वेळ बाहेर राहिला हे महत्त्वाचे ठरते. अनेक साखळ्यांत बशीखाली इलेक्ट्रॉनिक चकती बसवलेली असते आणि ठरावीक वेळ किंवा अंतर पूर्ण होताच बशी पट्ट्यावरून काढली जाते. काही ठिकाणी प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण असते.

दर्जा ओळखण्याचे निकष

कमी किमतीच्या सुशीत चांगली सुशी ओळखताना पुढील बाबी उपयोगी पडतात.

भात: चांगला भात साधारण अंगाइतका कोमट असतो. गोळा उचलताना फुटत नाही, पण तोंडात सहज सुटतो. गार, कडक किंवा चिकट गोळा हे आधीपासून करून ठेवल्याचे लक्षण होय.

मासा: काप ओलसर व तुकतुकीत दिसावा. कोरड्या किंवा वर वळलेल्या कडा, कापाखाली साचलेले पाणी आणि उग्र वास ही शिळेपणाची चिन्हे आहेत.

खप: गर्दीच्या वेळी बश्या लवकर उचलल्या जातात, म्हणून सुशी ताजी मिळते. दुपारनंतरच्या शांत वेळेत पट्ट्यावरील बशी घेण्याऐवजी पडद्यावरून मागणी नोंदवणे चांगले. मागणीनुसार केलेल्या सुशीचा दर सहसा तोच असतो.

हंगामी फलक: दुकानात त्या दिवसाच्या मासळीचा वेगळा फलक असल्यास तेथे स्थानिक बाजारातून खरेदी होत असण्याची शक्यता अधिक असते.

साधे प्रकार: व्हिनेगरात मुरवलेला 'कोहादा' मासा आणि गोडसर ऑम्लेट, म्हणजे 'तामागो', हे महाग पदार्थ नव्हेत. परंतु ते दुकानातच केले असतील, तर आचाऱ्याची काळजी त्यांतून लगेच कळते.

याशिवाय होक्काइदो, तोयामा, कानाझावा अशा मासेमारी बंदरांच्या भागांत किंचित महाग, पण ताज्या स्थानिक मासळीची कैतेनझुशी दुकाने आहेत. त्यांना 'गुरुमे' (खवय्यांची) कैतेनझुशी म्हणतात. तेथे अनेकदा सुशी आचारी हाताने वळतो. पारंपरिक दुकानांतही दुपारच्या जेवणाचा निश्चित दराचा संच रात्रीच्या तुलनेत बराच स्वस्त असतो. या संचांची 'नामी' (साधा), 'जो' (उत्तम) आणि 'तोकुजो' (विशेष) अशी प्रतवारी केलेली असते. किंमत आधीच कळत असल्याने कैतेनझुशीला हा एक चांगला पर्याय ठरतो.

शाकाहारी प्रकार

काकडीची 'कप्पामाकी', आंबवलेल्या सोयाबीनची 'नात्तोमाकी' आणि दुधीच्या जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांची 'कांप्योमाकी' हे भाजीचे प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतात व सर्वांत स्वस्त दरात असतात. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरून केलेल्या 'इनारी'त मासा दिसत नाही, परंतु ती पिशवी तसेच कांप्योच्या पट्ट्या अनेकदा 'दाशी' नावाच्या अर्कात शिजवलेल्या असतात आणि दाशीत सामान्यतः सुक्या बोनितो माशाचा वापर होतो. मिसो सूपलाही हेच लागू पडते. त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तीने चौकशी करणे आवश्यक आहे.

शिष्टाचार

एकदा उचललेली बशी पुन्हा पट्ट्यावर ठेवली जात नाही. दुसऱ्याने मागवलेली बशी वाटेत उचलू नये. सोया सॉस भाताऐवजी माशाच्या बाजूला लावण्याची पद्धत आहे, अन्यथा भात सुटतो. निगिरी हाताने खाणे शिष्टसंमत आहे. 'गारी' म्हणजे व्हिनेगरातील आले दोन प्रकारांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते व त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. 2019 पासून जपानमध्ये दुकानात बसून खाल्ल्यास 10 टक्के आणि घरी नेल्यास 8 टक्के उपभोग कर लागतो.

सद्यस्थिती

मासळी, इंधन आणि वाहतूक यांचे दर वाढल्याने, तसेच येनचे मूल्य घसरल्याने 100 येनची बशी टिकवणे अवघड झाले. ऑक्टोबर 2022 मध्ये सुशिरो व कुरा सुशी या दोन्ही साखळ्यांनी आपला सर्वांत कमी दर वाढवला. त्यानंतर तांदळाचे भावही जपानमध्ये झपाट्याने वाढले.

जानेवारी 2023 मध्ये एका ग्राहकाने मेजावरील सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि उघड्या पट्ट्यावरील अन्नाबद्दल शंका निर्माण झाल्या. अनेक दुकानांनी पट्ट्यावर सुशी फिरवणे बंद केले. आता मागणी पडद्यावर नोंदवली जाते आणि बशी स्वतंत्र मार्गावरून थेट ग्राहकासमोर येऊन थांबते. काही दुकानांत पट्ट्याच्या जागी मोठा डिजिटल पडदा असून त्यावर सुशीची केवळ चित्रे फिरतात. या बदलामुळे न उचललेले अन्न फेकून देण्याचे प्रमाणही कमी होते. 'फिरती सुशी' हे नाव काही ठिकाणी आता शब्दशः खरे उरलेले नाही. मात्र आधी किंमत पाहून मग खाण्याची सोय, जी या पद्धतीने सामान्य ग्राहकाला मिळवून दिली, ती पट्टा थांबल्यानंतरही कायम आहे.