इफच्या घरात वुड राहत नाही

आमच्या थोरलीच्या इंग्रजीच्या वहीत बाईंनी एका वाक्यावर लाल शाईने मोठी फुली मारली होती. वाक्य होतं, "इफ आय वुड हॅव स्टडीड, आय वुड हॅव पास्ड." पोरीला फुली मान्य नव्हती. "अभ्यास केला असता तर पास झाले असते. मराठीत दोन्हीकडे 'असता' आहे, मग इंग्रजीत दोन्हीकडे 'वुड' का नको?"

आम्ही नवराबायको वही घेऊन बसलो, आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं आम्हाला पटलं. चूक आळसाची नव्हती. ती सरळ मराठीतून आली होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरात उर्दू किंवा दखनी बोलतात त्यांचंही तेच होतं: "पढ़ता तो पास हो जाता." दोन्हीकडे तोच 'ता'. इंग्रजी मात्र दोन भागांना दोन वेगळे कपडे घालते. इफच्या भागात 'हॅड स्टडीड', पुढच्या भागात 'वुड हॅव पास्ड'. धाकट्याने त्याचं सूत्र केलं: इफच्या घरात वुड राहत नाही, तो शेजारी राहतो. गाइडातल्या अर्ध्या पानापेक्षा हे मुलांच्या जास्त लक्षात राहिलं.

मग रोज रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं सराव सुरू झाला. नियम एकच. वाक्य आधी मराठीत बोलायचं, मग स्वतःला विचारायचं: ही गोष्ट होऊ शकते, की नुसती कल्पना आहे, की वेळ निघून गेली?

होऊ शकत असेल तर सोपं. "पाऊस थांबला तर आपण जाऊ." इथेही मराठी फसवते, कारण 'थांबला' दिसतो भूतकाळ आणि पाऊस तर अजून पडतोय. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ येतो: "इफ द रेन स्टॉप्स, वुई विल गो." मुलं हटकून "विल स्टॉप" म्हणतात. विललाही त्या घरात जागा नाही.

कल्पनेची वाक्यं मुलांना आवडतात. मराठीच्या तासाला 'मी पक्षी असतो तर', 'परीक्षा नसत्या तर' असले निबंध त्यांनी ढिगाने लिहिलेले असतात. "इफ आय वर अ बर्ड, आय वुड फ्लाय." इथे 'आय'पुढे 'वॉज' न येता 'वर' का, हे धाकट्याने आम्हाला समजावलं: पक्षी वर उडतो म्हणून! व्याकरण असं नाही, पण त्या दिवसापासून त्याचा 'वर' चुकलेला नाही. बोलताना पुष्कळ लोक 'वॉज'ही वापरतात. परीक्षेत 'वर' लिहिलेलं बरं.

अडतं ते तिसऱ्या प्रकाराशी, निघून गेलेल्या वेळेशी. त्याला उदाहरण शोधत बसावं लागलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात आमचं दुकानही गेलं. थोरलीने वाक्य काढलं, "आपण माल माळ्यावर चढवला असता तर वाचला असता." इंग्रजी केलं: "इफ वुई हॅड मूव्हड द गुड्स टू द लॉफ्ट, वुई वुड हॅव सेव्ह्ड देम." व्याकरण अगदी चोख. पण घरात एकदम शांतता पसरली. हेच वाक्य आम्ही दोघांनी त्या वर्षी कितीदा तरी एकमेकांना, आणि त्याहून जास्त वेळा मनातल्या मनात, ऐकवलं होतं.

मग पोरांच्या अब्बांनी हळूच दुरुस्ती केली. "माळ्यावरसुद्धा पाणी होतं. चढवला असता तरी गेलाच असता."

'तर'चा 'तरी' झाला. इंग्रजीत काय करायचं? इफच्या आधी 'इव्हन' लावायचं: "इव्हन इफ वुई हॅड मूव्हड द गुड्स, वुई वुड हॅव लॉस्ट देम." आपल्या भाषेत एका वेलांटीचं काम आहे, तिथे अख्खा शब्द लागतो. थोरलीने ते वाक्य वहीत लिहून त्याला चौकट केली. आम्ही का म्हणून विचारलं नाही.

दादी हे सगळं पलंगावरून ऐकत असायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली. एका रात्री म्हणाली, "माझं एक लिहा. मला चौथीनंतर शाळेत पाठवलं असतं, तर आज तुमच्या वह्या मीच तपासत असते."

थोरली अडली. पहिला भाग गेलेल्या काळातला, दुसरा आजचा. गाइडात तीन प्रकार आहेत आणि हे एकातही बसेना. 'वुड हॅव' लावलं तर वाक्य जुन्या काळातच अडकून पडत होतं. बऱ्याच खाडाखोडीनंतर जमलं: "इफ दे हॅड सेंट मी टू स्कूल आफ्टर द फोर्थ, आय वुड बी चेकिंग युअर नोटबुक्स टुडे." इफच्या घरात जुना 'हॅड', शेजारी 'वुड', पण त्याच्यापुढे 'हॅव' नाही, कारण ती वही न तपासणं आज, आत्ता चालू आहे.

दादीने ते दोनदा वाचून घेतलं. "यात मी कुठाय?"

"हा 'आय', दादी. आणि हा 'मी' म्हणजे 'मला'."

इंग्रजीतला 'मी' म्हणजे मराठीतला 'मला', याचं तिला हसू आलं. मग तिने विचारलं, "आणि आता कोणी शिकवलं तर? त्यालाही 'हॅड'च लागतो का?"

"नाही," धाकटा म्हणाला, "ते होऊ शकतं. त्याला 'विल' लागतं."

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून स्वतःसाठी शिसपेन्सिल आणि दादीसाठी चार रेघांची वही घेऊन आला.