रेडिओची वही



दुधाची वही, मजुरीची वही, खताच्या उधारीची वही आपल्या घरोघरी असते. मी मात्र शाळेत असल्यापासून रेडिओची वही ठेवीत आलो. नोकरीत वसईच्या वाड्यांतून फिरतानाही ती पिशवीत असे. एका आजोबांनी विचारले होते, "साहेब, गाणी ऐकायची की लिहायची?"

दोन्ही! प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, केंद्राचे नाव आणि ऐकलेला कार्यक्रम लिहावा. निवेदकाच्या तोंडून नाव ऐकल्याखेरीज ते घर भरू नये. अंदाजाने भरलेली वही म्हणजे पर्जन्यमापक न पाहता लिहिलेला पाऊस.

दिवसा मध्यम लहरींवर बहुधा जवळचीच केंद्रे लागतात. हवेत साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर या लहरी शोषणारा एक थर असतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. खाऱ्या पाण्यावरून तर त्या जमिनीपेक्षा लांब जातात. आपल्या किनाऱ्यावर 810 वरचे राजकोट ऐकताना मला याचा प्रत्यय आला. ट्रान्झिस्टर हळूहळू गोल फिरवून पाहा. आतल्या फेराइटच्या कांडीची दिशा बदलली की एक केंद्र दबते, दुसरे वर येते.

ओळीच्या शेवटी पाच आकडे लिहितात: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची लुडबूड, खरखर, आवाजाचा चढउतार आणि एकूण ऐकू येणे. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 55555 म्हणजे उत्तम. असा अहवाल टपालाने पाठवला की पुष्कळ केंद्रे पोचपावतीचे सुंदर कार्ड पाठवीत. परदेशी केंद्राला लिहिताना आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करावेत.

आता तिसऱ्या आकड्याची गोष्ट. एका ऑक्टोबरात शेजाऱ्यांचे भात कापून शेतात पडले होते. दुपारी ऊन स्वच्छ, पण रेडिओत एकसारखी कडकड. वहीत खरखरीचा आकडा 5 वरून 2 वर आलेला. दूरची वीज दिसत नाही, पण मध्यम लहरींवर ऐकू येते. मी म्हटले, "भारे आजच खळ्यावर न्या." त्यांनी निम्मे नेले, निम्मे उद्यावर टाकले. संध्याकाळी पावसाने झोडपले आणि उरलेल्या भाताला कोंब आले.

पुढच्या वर्षी मी तसाच सल्ला दिला, तेव्हा थेंबही पडला नाही. त्यांची मजुरी वाया गेली आणि माझी मान खाली. कडकड म्हणजे कुठेतरी वीज आहे, एवढेच. भाताचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज आणि 'दामिनी' ॲप पाहूनच घ्यावा. शिवाय हल्ली निम्मी खरखर घरातलीच असते, एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची. गावातली वीज गेली की रेडिओ कसा लख्ख लागतो! भारनियमनाचा मला ठाऊक असलेला हा एकमेव फायदा.

31 जानेवारी 2020 रोजी बीबीसीची लघुलहरींवरची हिंदी सेवा बंद झाली. त्या रात्रीची ओळ माझ्या वहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काटा तिथेच ठेवून बसलो. तारीख लिहिली, वेळ लिहिली. केंद्राच्या नावाचे घर कोरे ठेवले.